डब्यावर छप्पर घालताना

न्हावा शेवाचं बंदर १९८९ साली सुरू झालं आणि हळूहळू उरण, पनवेल, पेण या पट्ट्यात जुने कंटेनर विकत मिळू लागले. आमच्याकडे त्याला सरळ 'डबा' म्हणतात. वीस फुटी डबा, चाळीस फुटी डबा. समुद्रावरची नोकरी संपवून जमिनीवर आलेला डबा कुणाच्या बागेत खतं-अवजारांची खोली होतो, कुणाच्या साइटवर ऑफिस होतो, आणि बऱ्याचदा राखणदाराचं घर होतो. मी फॅब्रिकेशनच्या धंद्यातला माणूस. गेट, ग्रिल, शेड करता करता डब्यांवर छप्पर घालायची कामं येत गेली आणि आता तीच जास्त असतात. गिऱ्हाईक आलं की दोनच गोष्टी विचारतं, पत्र्याचा रंग कोणता आणि चौरस फुटाला दर काय. त्याआधी ज्या गोष्टी विचारायला हव्यात त्या इथे लिहून ठेवतो.

१. छप्पर पावसासाठी नाही, उन्हासाठी

"डबा तर गळत नाही, मग वर छप्पर कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. बोटीवर लाटांचं पाणी सोसायला बनवलेला डबा सहसा गळत नाहीच. पण त्याचं छत म्हणजे दोन मिलिमीटरचा लोखंडी पत्रा, बास. वर ऊन, खाली माणूस. एप्रिल-मे महिन्यात दुपारी त्या पत्र्यावर हात टेकवून पाहा, टेकवत नाही. आत पंखा लावला तरी तो छताखालची तापलेली हवाच खाली ढकलतो. डब्यात राहणारी कुटुंबं मी पुष्कळ पाहिली. त्यांची बाज दिवसभर झाडाखाली असते, चूल बाहेर, लहान मूल बाहेरच्या झोळीत. "रात्री बरं असतं दादा, पण दुपारी आत पाय ठेववत नाही," हे वाक्य मला जागोजागी ऐकायला मिळालं आहे.

थंडीत उलटा त्रास. रात्री आकाश निरभ्र असलं की उघडा पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतो. आत झोपलेल्यांच्या श्वासातली वाफ त्या गार पत्र्याला लागते आणि पहाटे छतावरून थेंब ठिबकतात. लोकांना वाटतं छत गळतंय, मग ते वरून डांबर लावतात, एम-सील लावतात. उपयोग शून्य, कारण पाणी वरून येतच नसतं. वर दुसरं छप्पर घातलं की मूळ पत्रा उघड्या आकाशाखाली राहत नाही, रात्री तितका गार पडत नाही आणि हे ठिबकणं बरंच कमी होतं. जोडीला भिंतीत वर-खाली जाळीचे झरोके मात्र हवेत.

२. छपराइतकीच मधली हवा महत्त्वाची

पत्रा डब्याला चिकटवून टाकला तर फायदा थोडाच. वरचा पत्रा तापतो आणि त्याची ऊब खाली उतरते. दोन्हींच्या मध्ये किमान एक फूट मोकळी जागा हवी आणि त्या जागेतून वारा आरपार जायला हवा. कोकणात माझी ठरलेली रचना अशी: वीस फुटी डब्याखाली फूटभर उंचीचे काँक्रीटचे पेडेस्टल, वर आठ फूट रुंदीचा डबा आणि पश्चिमेला आठ फुटी पडवी, या दोन्हींवर मिळून सोळा फुटी एकच पत्रा. डब्याच्या पूर्वेच्या कडेवर दोन फूट मोकळं, पश्चिमेच्या कडेवर एक फूट मोकळं, आणि पडवीच्या टोकाला पत्रा जमिनीपासून साडेनऊ फुटांवर. म्हणजे फुटाला दीड इंच ढाळ मिळतो.

पडवी पश्चिमेलाच का? कारण संध्याकाळचं तिरकं ऊन छपराला जुमानत नाही, ते थेट भिंतीवर येतं. डब्याची भिंत तर छतापेक्षाही पातळ. पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत सावलीत आली की खरा फरक पडतो. शिवाय आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येचा. छपराची खालची कड त्याच्याकडे असली की झड पडवीत कमी शिरते.

जून लागला की लोक ती मधली फट प्लास्टिकने बांधून टाकतात. तसं करू नका. वारा थांबतो, ओल अडकते आणि दोन पत्र्यांमध्ये गंज सुरू होतो. चिमण्या, उंदीर, गांधीलमाशी यांची काळजी असेल तर बारीक जाळी लावा, हवा चालू राहू द्या. पत्रा फिक्या रंगाचा घ्या, शक्यतो पांढरा. गडद निळा आणि विटकरी रंग दिसायला छान, पण ऊन शोषून घेतात.

३. छप्पर पडत नाही, उडतं

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, मंडणगड, दापोली, सगळीकडे नारळी-पोफळी आडव्या आणि घरांवरचे पत्रे गायब. त्यानंतरच्या दिवसांत दुरुस्तीसाठी गावोगाव फिरताना मी एक गोष्ट बारकाईने पाहिली: छप्पर कुठून सुटलं? पत्रा फाटला होता अशी छपरं थोडी. बहुतेक ठिकाणी पत्रा आणि पाइप एकमेकांना धरून होते, पण दोघंही मिळून बुडातून सुटले होते. कुठे वेल्डिंगचा टाका तुटलेला, कुठे खांब काँक्रीटच्या गड्ड्यासकट उपटून आलेला.

हे का होतं ते साध्या हिशोबाने समजतं. चांगल्या पत्र्याचं वजन चौरस मीटरला जेमतेम साडेचार-पाच किलो. ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ६८ किलो येतो. वर सांगितलेलं वीस फूट बाय सोळा फुटांचं छप्पर साधारण ३० चौरस मीटरचं, म्हणजे हा एकूण जोर दोन टनांच्या आसपास. रिकाम्या वीस फुटी डब्याचं स्वतःचं वजन सव्वादोन टन. आता पुण्यासाठी बांधकामाच्या भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलेला आहे, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. तिथे दाब ९३ किलोवर जातो आणि त्याच छपरावर पावणेतीन टनांच्या पुढे. डब्याच्या वजनापेक्षा जास्त! मुंबईसाठी धरलेला वेग तर सेकंदाला ४४ मीटर आहे. छपराचा आकार, ढाळ, आडोसा यांप्रमाणे प्रत्यक्ष जोर कमीजास्त होतो, पण अंदाज यायला एवढं पुरे.

या धंद्याची खरी अडचण इथेच आहे. ऊन म्हणतं छप्पर वर उचल, खालून हवा खेळू दे. आणि खालून हवा शिरली की वादळात छपराची उघडी छत्री होते. दोन्हींचं समाधान करायचं तर छप्पर उंच, मोकळं आणि जमिनीला घट्ट बांधलेलं, तिन्ही गोष्टी एकदम हव्यात. गिऱ्हाईक पहिल्या दोन गोष्टींना तयार असतं. तिसरीचा खर्च मातीखाली जातो, दिसत नाही, म्हणून तिथे हात आखडतो.

पडवीच्या खांबाचंच घ्या. एक फूट लांब, रुंद आणि खोल खड्ड्यात काँक्रीट मावतं सुमारे ६८ किलो. तोच खड्डा तिन्ही बाजूंनी दोन फुटांचा केला की साडेपाचशे किलो. माप दुप्पट आणि वजन आठपट. मजूर तोच, जास्तीचा वेळ अर्ध्या दिवसाचा. मी आता एक फुटी खड्ड्याचं काम घेतच नाही.

घाटावरच्या मंडळींनी हे कोकणापुरतं समजू नये. वैशाखातला वळवाचा पाऊस येण्याआधी जी वावटळ सुटते ती सांगून येत नाही, आणि माळावर तिला अडवायला झाडही नसतं.

४. जोर कोपऱ्यांवरच द्या

डबा कितीही दणकट दिसला तरी त्याची सगळी ताकद चार कोपऱ्यांत आहे. बोटीवर एकावर एक डबे रचतात, तेव्हा वजन कोपऱ्याच्या खांबांमधून खाली उतरतं. छताचा पत्रा ते वजन घेतच नाही. म्हणून छताच्या मधोमध पाइप उभा करून त्यावर कैची ठेवणं चुकीचं. पत्रा दबतो, खळगा पडतो आणि त्यात पाणी साठतं. डब्याचं लोखंड हवामानात टिकणाऱ्या जातीचं असतं, कॉर्टेन. त्याच्या अंगावर जो तांबूस थर धरतो तोच पुढचा गंज अडवतो. पण त्यासाठी ओलं होणं आणि सुकणं आळीपाळीने व्हावं लागतं. पाणी साचून राहिलं, त्यात खाऱ्या हवेची भर पडली, की तो थर टिकत नाही आणि पत्रा खालपर्यंत कुजतो.

चारही कोपऱ्यांवर ओतीव लोखंडाचे पोकळ ठोकळे असतात, कॉर्नर कास्टिंग. वरच्या तोंडाला लांबट भोक. क्रेनचा हूक तिथेच अडकतो, आणि बोटीवर डबे एकमेकांना तिथेच ट्विस्टलॉकने जखडतात. छपराचे खांबही तिथेच बसवा. भोकात उतरणारी जाड प्लेट खालून, बेसप्लेट वरून, मधून मोठा बोल्ट. छताला एकही छिद्र पडत नाही आणि उद्या डबा विकायचा किंवा हलवायचा झाला तर पाना फिरवून छप्पर उतरवता येतं. चाळीस फुटी डब्यावर मधला आधार लागतोच. तो छतावर न देता वरच्या लांब कडेला जो चौकोनी पाइप असतो, साधारण ६० मिलिमीटरचा, त्यावर द्या. पडवीचे ब्रॅकेटही त्यालाच जोडा. भिंतीच्या पन्हळी पत्र्याला जोडलेलं ब्रॅकेट वाऱ्याने हलून हलून पत्र्याला चीर पाडतं.

खालच्या चार कोपऱ्यांनाही अशीच भोकं आहेत. त्यांतून डबा पेडेस्टलमधल्या बोल्टांना आवळा. नुसता ठेवलेला डबा छपरासकट सरकू शकतो, हे वरच्या हिशोबावरून लक्षात आलं असेलच.

५. दार पूर्ण उघडून मग खांबाची खूण करा

डब्याची दारं आडव्या बाजूला, दोन फळ्यांची. प्रत्येक फळी जवळजवळ चार फुटांची. ती नुसती समोर उघडत नाही, पूर्ण वळसा घेऊन बाजूच्या भिंतीला जाऊन चिकटते. दारापुढे छज्जा काढताना माप घेणारा माणूस समोरची चार फुटांची जागा सोडतो आणि बाजूला, भिंतीपासून हातभर अंतरावर, खांब रोवतो. मग दार अर्ध्यातच अडतं. वाऱ्यात ती जड फळी खांबावर आपटत राहते आणि कुणाची तरी बोटं मध्ये सापडतात. दोन्ही फळ्या शेवटपर्यंत फिरवा, टोक जमिनीवर खडूने आखा, त्या आखणीच्या बाहेर खांब. छज्ज्याची खालची कड दाराच्या वरच्या चौकटीपेक्षा उंच राहील हेही तेव्हाच पाहून घ्या, कारण पुढे पाइप खाली झुकला तर दार घासतं.

६. वेल्डिंग करण्याआधी आत जाऊन पाहा

शक्य तिथे बोल्ट, वेल्डिंग नाइलाजाने. डब्याला बाहेरून वेल्डिंग केलं की आतल्या बाजूचा रंगही जळतो. बाहेरच्या टाक्याला आपण ग्राइंडिंग करून प्रायमर मारतो, आतला काळा डाग तसाच राहतो आणि तिथून गंज धरतो. दोन्हीकडून रंग हवा.

याहून गंभीर गोष्ट आगीची. आत थर्माकोल, पफ किंवा प्लायवूडचं अस्तर असेल तर वरच्या वेल्डिंगची धग अस्तराला लागते. धूर दिसेपर्यंत बाहेरच्या माणसाला पत्ताही नसतो. आमच्याकडे वेल्डर वर असताना एक पोरगा पाणी आणि आगविझवणी घेऊन आत उभा असतो, आणि काम संपल्यावरही काही वेळ तिथेच थांबतो. अस्तर असलेल्या छतावर वेल्डिंग करायला मी सरळ नकार देतो. कितीही घाईचं काम असो.

वर चढणाऱ्या माणसाला सेफ्टी बेल्ट द्या. साडेआठ फूट म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पाठीवर पडलेल्या माणसाला विचारा.

७. पत्रा बसवण्याच्या चार बारीक गोष्टी

कलर कोटेड पत्रा हव्या त्या लांबीत कापून मिळतो. सोळा फूट हवा तर सोळा फुटीच मागवा, ढाळावर मध्ये जोड नको. पत्रे मांडायला वारा येतो त्याच्या विरुद्ध टोकाकडून सुरुवात करा, म्हणजे प्रत्येक जोडाची उघडी कड वाऱ्याकडे पाठ करून राहते.

स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर मारा, खोलगट भागात पाणी वाहतं. रबरी वॉशर जरा दबेल इतकाच आवळा. ड्रिल मशीन हातात असलं की पोरं जोर लावतात, वॉशर चेपून बाहेर येतो आणि दोन उन्हाळ्यांत फाटतो. कडेच्या आणि कोपऱ्याच्या पत्र्यांना स्क्रू जवळजवळ घ्या. वारा आधी तिथेच बोट घालतो.

ग्राइंडरने पत्रा कापू नका. ठिणगी जिथे पडते तिथला रंग आणि खालचा जस्त-ॲल्युमिनियमचा थर जळतो. कात्री वापरा. दिवसाचं काम संपलं की छिद्रं पाडताना पडलेला लोखंडाचा चुरा मऊ झाडूने झाडून काढा. रात्री दव पडलं तर सकाळी नव्याकोऱ्या पांढऱ्या पत्र्यावर तांबडे ठिपके उठलेले असतात, आणि मालकाला वाटतं पत्राच खोटा दिला.

८. पागोळीचं पाणी कुठे जाणार ते आधी ठरवा

तीस चौरस मीटरच्या छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की तीस लिटर पाणी. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटर धरला तर नव्वद हजार लिटर. मुंबईत सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजी ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. तेवढा या छपरावर पडला तर एका दिवसात अठ्ठावीस हजार लिटर. हे पाणी डब्याच्या बुडाशी पडलं तर चिखलाचे शिंतोडे खालच्या कडेवर बसून तीच आधी गंजते, आणि पेडेस्टलखालची माती वाहून जाते. पन्हळ लावा, तिला ढाळ द्या, पाइप दूर चरापर्यंत न्या. आंबा-फणसाखाली डबा असेल तर पन्हळीच्या तोंडाशी जाळी हवी आणि मृगाआधी पानं काढायला माणूस हवा. टाकी ठेवता आली तर फारच उत्तम. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी सोडून द्या, नंतरचं बागेला आणि धुण्याभांड्याला चालतं.

९. दोन डब्यांमध्ये छप्पर टाकायचं असेल तर

दोन चाळीस फुटी डबे समोरासमोर ठेवून मध्ये कमानीचं छप्पर, हा बेत ट्रॅक्टर आणि होड्या ठेवायला झकास आहे. पण ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय करू नका. कमान दोन्ही डब्यांना बाहेर ढकलते, मधला बोगदा वारा ओढून घेतो आणि एक डबा दुसऱ्यापेक्षा दोन इंच जास्त खचला तरी सगळे बोल्ट ताणाखाली येतात. सौर पॅनल बसवायचे असतील तर तेही त्याला आधीच सांगा.

१०. अर्थिंग

लोखंडी डबा, लोखंडी छप्पर, ओली जमीन आणि आत विजेचं बटण. डब्याला दोन ठिकाणी अर्थिंग आणि बोर्डात ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी. यावर चर्चा नको.

हे सगळं काम अक्षय्य तृतीयेच्या आत संपवावं. मे महिन्याच्या शेवटी सगळ्यांनाच छप्पर हवं असतं, आणि ओल्या काँक्रीटवर घाईने उभ्या केलेल्या खांबांवर पहिला वळीव येतो.

डबा घेणाऱ्यांना एकच विनंती. छपराचा आणि पायाचा खर्च डब्याच्या किमतीतच धरा, "पुढच्या वर्षी बघू" म्हणून सोडू नका. खतं ठेवणार असाल तर एखादा उन्हाळा निभेल. पण राखणदार बायको-पोरांसकट राहणार असेल तर आधी छप्पर, मग बाकीचं. ते नसेल तर त्यांना आत राहायला सांगू नका.